सोमवारचे खून

कुवेतमध्ये धूळ आणि किस्से, दोन्ही बंद खिडक्यांतून आत येतात. वादळ गेलं की आपण घरभर फडकं मारतो, वाटतं झालं एकदाचं. आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बोट फिरवावं तर पुन्हा रेघ! आमच्या सोमवारच्या मंडळींचं तसंच आहे. एक किस्सा कुणाला सांगून झटकून टाकावा, तर त्याच्याखाली दुसरा बसलेला असतो. शेवटी वैशाली म्हणाली, "लिहूनच काढ बाई तू. नाहीतरी तुला सगळ्याची काळजी वाटते. थोडी कागदालाही वाटू दे."

लिहायला मीच योग्य आहे का, याची मला शंका आहे. पण मला शंका कशाची नसते? एम.एस्सी. झालेय, तीही केमिस्ट्रीत, आणि अजून दुधाला विरजण लावलं की लागतंय की नाही ते बघायला दर अर्ध्या तासाने झाकण उघडते.

तर आधी आरोप वाचून दाखवते. इथल्या मंगफ भागातल्या एका इमारतीत चार बायका दर सोमवारी सकाळी जमतात आणि इंग्रजी खून बघतात. त्याचा परिणाम म्हणून त्यातल्या एकीची मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नाही.

ती एक म्हणजे मी. मुलगी म्हणजे जाई. आणि आरोप आम्हाला मान्य नाही!

*

खून बघतो ते कानिटकर वहिनींकडे, तिसऱ्या मजल्यावर. पोलिसांची एक जुनी ब्रिटिश मालिका आहे. बंदराचं गाव, सतत ढग, आणि एक इन्स्पेक्टर, ज्याचा रेनकोट आजवर कुठल्याही भागात कोरडा दिसलेला नाही. मालिकेला खरं नाव आहे, पण आमच्यात ते कुणी घेत नाही. आम्ही 'ओला कोट' म्हणतो. बाहेर पन्नास डिग्री असताना तो कोट नुसता बघितला तरी एसी एका नंबराने वाढवल्यासारखा वाटतो.

वहिनींकडे या मालिकेच्या कॅसेटी युद्धाच्या आधीपासून आहेत. नव्वद साली कानिटकर मंडळी उन्हाळ्याच्या सुटीला पुण्याला गेली, मागे इराकने कुवेत घेतलं, आणि ती तिकडेच अडकली. वर्षभराने परत आली, तर घराचं दार उघडंच. फ्रिज गेलेला, व्हीसीआर गेलेला, पडद्यांचे दांडे गेलेले, देवघरातली समई गेलेली. कॅसेटी मात्र रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर, एकूण एक शाबूत.

वहिनींचे यजमान कानिटकर काका त्या हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "घरात एवढा मोठा इन्स्पेक्टर बसलेला, आणि चोर त्याच्यासमोरून समई घेऊन गेला!"

वहिनी कॅसेटी गोळा करत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तो खुनांचं बघतो. चोरी त्याच्या खात्यात येत नाही."

त्या घरात पहिला आला तो व्हीसीआर. फ्रिज नंतर!

*

आमच्या सोमवारला नियम आहे. गोष्ट अर्ध्यावर आली की कॅसेट थांबवायची, चहा टाकायचा, आणि चहा हातात आला की प्रत्येकीने खुनी कोण ते सांगायचं. एकदा नाव घेतलं की बदलायचं नाही. चुकेल तिने पुढच्या सोमवारी खायला करून आणायचं.

हे सगळे भाग आता दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चाललेत, तरी नियम तोच. वहिनी म्हणतात, "आठवत असेल तर विसरा." वैशालीला खरंच आठवत नाही. ती डोंबिवलीची, दोन जुळी मुलं वाढवताना आपली स्मरणशक्ती पहिल्याच वर्षी गेली असं ती उघड सांगते. मला सगळं आठवतं, पण आठवतंय ते बरोबर आहे याची खात्री नसते. त्यामुळे खायला सर्वांत जास्त वेळा मीच करते.

मुळात मला प्रत्येकावर संशय येतो. एकदा तर मी मयताचंच नाव घेतलं.

"अगं, तो पहिल्या पाच मिनिटांत मेला!" वहिनी म्हणाल्या.

"हो, पण मला त्याचा चेहराच पटला नव्हता."

वैशाली इतकी हसली की तिच्या जुळ्यांपैकी एक घाबरून रडायला लागला. आणि शेवटी निघालं काय? त्या गृहस्थाने भावाला मारायला दारूत विष कालवलं होतं, आणि गडबडीत स्वतःच पिऊन बसला होता!

त्या दिवसापासून माझ्या काळजीला मंडळात थोडा मान आहे.

*

चौथ्या आमच्या झुबेदाआपा. रत्नागिरीच्या. मियांचं अब्बासियात किराणा दुकान आहे. आपा तिथून बस बदलत मंगफला येतात, हातात कधी पोळे, कधी सांदणं. त्यांचा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. भाच्याच्या लग्नाला गेल्या तेव्हा येताना त्या 'ओल्या कोटा'चा एक भाग घेऊन आल्या, आमच्याकडे नसलेला एकुलता एक!

विमानतळावर कॅसेट अडली. बाहेरून आलेली कॅसेट आधी बघतात, मग देतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

आपा सांगतात, "साहेब मला विचारतो, हिच्यात काय आहे? मी म्हटलं, खून! तर म्हणतो, खून चालेल. दुसरं काही?"

"मग?"

"मग मी काय सांगू गो? दोन खून आहेत म्हटलं!"

कॅसेट परत आली ती बऱ्याच आठवड्यांनी. आम्ही चहा घेतला, चार नावं घेतली, आणि पुढे लावली. इन्स्पेक्टर खुनी माणसाला पकडायला एका बारच्या दारापाशी पोचला. त्याने दार ढकललं. आणि लगेच पुढच्या क्षणी तो गाडीत बसून म्हणतोय, "फार वाईट झालं."

बारमधलं सगळं कापलेलं! बाटल्या गेल्या, बाई गेली, आणि त्यांच्याबरोबर खुन्याचा कबुलीजबाबही गेला.

"भावाला फोन लावते," आपा म्हणाल्या.

"मुळीच नाही," वहिनी उठून उभ्याच राहिल्या. "इतकी वर्षं इथे राहतोय आपण. कापलेलं आपलं आपण जोडून घेतो."

पुढे तो भाऊ खरंच कुवेतला आला. आपांनी आम्हाला जेवायला बोलावलं. तो बिचारा बशी हातात घेऊन म्हणाला, "त्या कॅसेटीत काय झालं सांगू का?" आणि आम्ही चौघींनी एकदम कानांवर हात ठेवले. आपा ओरडल्या, "तू खा! बोलू नको!"

चौघींचे चार खुनी आजही कायम आहेत. त्या एका गरीब माणसाला मंगफमध्ये चार जणांनी मारलंय.

*

'ओल्या कोटा'ला दोन पिल्लं झाली. इन्स्पेक्टरच्या हाताखालची सार्जंट बाई बढती मिळून दुसऱ्या गावी गेली, तिची एक मालिका. आणि प्रेतं तपासणारा डॉक्टर, त्याची एक. दोन्ही सॅटेलाइटवर लागायच्या. वैशालीला बाईची मालिका भयंकर आवडते. कानिटकर वहिनी या दोन्हींना एकच शब्द वापरतात: पोटभाडेकरू.

"मूळ घरात राहायचं, आणि पाटी आपली लावायची!"

"वहिनी, पण ती बाई स्वतःच्या हिमतीवर..."

"कोट कुठाय तिचा?"



एका सोमवारी बाईच्या मालिकेचा शेवटचा भाग होता आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. वैशाली तपासाला निघाली. मागे आम्ही तिघी, दोन जुळी, आणि माझ्या कडेवर जाई. हारिसला, म्हणजे आमच्या इमारतीच्या राखणदाराला, जिन्यातच गाठलं. "छतावर कोण गेलं होतं?" तो म्हणाला, आज कुणी नाही. "काल?" काल वाऱ्याने बादली पडली तेव्हा तोच. "परवा?" तो वैशालीच्या मागे कुठेतरी बघायला लागला.

गच्चीवर गेलो. डिश आकाशाकडे बघायचं सोडून समोरच्या इमारतीकडे बघत होती, आणि तिच्या दांड्याला करकचून बांधलेलं एक पांढरं धोतर, पलीकडे पाण्याच्या टाकीपर्यंत ताणलेलं. त्यावर साबुदाण्याच्या पापड्या. कडकडीत वाळलेल्या.

वैशाली हळूहळू वळली. वहिनींनी एक पापडी उचलली, मोडून बघितली.

"पोटभाडेकरूंपेक्षा," त्या म्हणाल्या, "उन्हाचा हा उपयोग बरा."

डिश त्यांनी मुद्दाम फिरवली की धोतर बांधताना चुकून फिरली, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. पापड्या मात्र चौघींना सारख्या वाटल्या.

*

आता जाईचं. हसण्यावारी नेता येत नाही ते हेच.

तिचे कान तपासून झाले. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं, समजतं सगळं, बोलेल. कधी बोलेल, हे मी त्यांना इतक्या वेळा विचारलं की शेवटी त्यांनी मलाच पाणी दिलं. जाई सगळं बघायची. मान वाकडी करून, हनुवटीला मूठ लावून बघत राहायची. शब्द नाही.

पाचव्या मजल्यावर प्रधान काका राहतात. प्लांटमध्ये माझ्या नवऱ्याचे, नितीनचे, साहेब, आणि मराठी मंडळातलं वजनदार माणूस. ते एकदा मुद्दाम वहिनींच्या दारात येऊन म्हणाले, "लहान मुलांसमोर प्रेतं दाखवता? मंडळात शुक्रवारी श्लोकांचा वर्ग आहे, तिथे पाठवा. वाचा फुटेल."

वहिनी म्हणाल्या, "प्रेत पाचच मिनिटं असतं हो. पुढे दोन तास कोण खरं बोलतंय आणि कोण खोटं, एवढंच बघायचं असतं. तुमच्या मंडळाच्या सभेतही मी तेच करते."

मी मात्र वहिनी नाही. नाशिकहून सासूबाईंचा फोन आला, "शाळेत जागा मिळाली नाही तर दोघी इकडे या. पोरीच्या कानावर मराठी पडू दे. इथे माणसं आहेत." नितीन म्हणाला, थोडे दिवस बघू जाऊन. थोडे दिवस म्हणजे तो इथे आणि आम्ही तिथे. मी घाबरले आणि सोमवार बंद केले.

त्या दिवसांत दर सोमवारी मी जाईला घेऊन बसायची आणि चित्रांचे पत्ते दाखवायची. हा ससा. म्हण, ससा. जाई सशाकडे बघायची, मग माझ्याकडे. आम्हा दोघींत खोटं कोण बोलतंय ते ठरवत असल्यासारखी! घरात एसीचा आवाज, आणि माझा. दुपारपर्यंत मीसुद्धा ससा सोडून काही बोलायचं विसरायची.

मग एका सोमवारी जाईने एक माझी चप्पल आणली, एक नितीनची आणली, दोन्ही दारापाशी जोडीने ठेवल्या आणि दाराला पाठ लावून बसली. उठेचना.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. झुबेदाआपांनी तिला उचलून मांडीवर घेतलं. "आलीस गो बाय? तुझ्यावाचून खून अडलाय इथला!" वहिनी पुण्याच्या ठसक्यात वैशालीला दटावत होत्या, वैशाली डोंबिवलीच्या वेगाने उलट बोलत होती, आपा रत्नागिरीच्या हेलात दोघींना गप्प करत होत्या, आणि टीव्हीचं इंग्रजी कुणालाच ऐकू येत नव्हतं. कानावर मराठी पडायला यापेक्षा आणखी किती मराठी लागते?

त्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "आई, माणसं इथेही आहेत."

मग लाइन तुटली. ती आपोआप तुटली की आईंनी ठेवली, हे मला कळलेलं नाही. संशय अर्थातच दोन्हींवर आहे.

*

नितीन एकदा तापाने सोमवारी घरी राहिला आणि आमच्याबरोबर खाली आला. "अर्धा तास बसतो," म्हणाला. चहाच्या वेळी त्याने चौकीदाराचं नाव घेतलं, तेही इंजिनियरच्या खात्रीने, टाळी वाजवून. चुकला. वहिनींनी त्याच्याकडून पोहे करून घेतले.

तेव्हापासून तो अडकला. रजा कुठून मिळणार? म्हणून तो प्लांटमधून फोन करायचा, शेवट विचारायला.

एका सोमवारी फोन आला. मी वहिनींच्या स्वयंपाकघरातून उचलला. नितीन घाईत, "सांग लवकर!" मी सांगितलं, "बायकोनेच मारलं. विष घालून. सकाळच्या चहातून, रोज थोडं थोडं. नवऱ्याला शेवटपर्यंत पत्ता नाही. आणि पोलिसांना कळलंच नसतं रे, शेजारीण कच्ची निघाली म्हणून!"

मग लांबून प्रधान काकांचा आवाज आला, "नितीन, स्पीकर बंद कर."

पुढच्या शुक्रवारी प्रधान काका आमच्याकडे आले होते. मी चहा नेला. ते म्हणाले, नको. मी म्हटलं, घ्या की, अर्धा कप. त्यांनी नितीनकडे बघितलं, कपाकडे बघितलं, आणि फार प्रेमाने म्हणाले, "आधी याला दे."

*

आणि आता शाळेचं.

बालवाडीच्या प्रवेशाची मुलाखत होती. शाळेचं नाव सांगत नाही. पुढे आपल्याला तिथेच जायचंय. बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी बसलेली एक चिमुरडी अननसापासून कलिंगडापर्यंत सगळी फळं इंग्रजीत म्हणत होती. तिच्या आईने माझ्याकडे हसून बघितलं. मी जाईची वेणी पुन्हा घातली. नितीनने टाय लावला होता आणि जिन्यात तीनदा बजावलं होतं, "त्या मालिकेचं नाव काढू नकोस."

जागा मिळाली तर आम्ही मंगफमध्ये. नाही मिळाली तर महिनाअखेरची नाशिकची तिकिटं.

आत मुख्याध्यापिका. केरळच्या, कडक साडी, टेबलावर प्लॅस्टिकचं सफरचंद. जाईला समोरच्या मोठ्या खुर्चीत बसवलं.

"व्हॉट इज युवर नेम, बेबी?"

जाईने मान वाकडी केली, हनुवटीला मूठ लावली, आणि बघायला लागली.

इथे 'ओला कोट' न बघितलेल्यांसाठी सांगायला हवं. तो इन्स्पेक्टर आरोपीला कधी ओरडत नाही. तो समोर बसतो, मान वाकडी करतो, हनुवटीला मूठ लावतो, आणि गप्प राहतो. बस. आरोपी आधी हसतो, मग घसा खाकरतो, मग रुमाल काढतो, मग सगळं सांगून टाकतो.

"बेबी? व्हॉट इज धिस?" मॅडमनी सफरचंद पुढे केलं.

जाई सफरचंदाकडे बघेना. मॅडमकडेच बघत राहिली.

मॅडम हसल्या. मॅडमनी घसा खाकरला. "इट इज अ‍ॅपल. थोडा फेड हो गया है कलर. मैंने बोला था नया लाने को."

जाई बघतेय.

मॅडमनी पदर सारखा केला, पेन उचललं, ठेवलं. "शी इज व्हेरी क्वाएट," त्या आम्हाला म्हणाल्या. मग पुन्हा जाईकडे बघितलं आणि का कोण जाणे, तिलाच सांगायला लागल्या, "देखो बेटा, सीट्स आर ऑलमोस्ट फुल."

जाईने मान आणखी थोडी वाकडी केली.

"फुल मीन्स... दो बाकी हैं." मॅडमनी रुमाल काढला. "पर वो वास्तावालों के लिए रखी हैं. ऊपर से फोन आता है, मैं क्या करूँ? आय डोंट लाइक इट. आय नेव्हर लाइक्ड इट!"

वास्ता म्हणजे ओळख, वशिला. या गावात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

नितीन भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होता.

"ओके," मॅडम म्हणाल्या. "ओके, ओके. एक इसको देती हूँ." आणि त्यांनी सही केली.

जाई खुर्चीतून खाली उतरली. टेबलापाशी गेली, बोट मॅडमच्या नाकासमोर धरलं, आणि आमच्याकडे वळून स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली,

"हिनेच केलं!"

मॅडमचा चेहरा एकदम फुलला. "शी स्पीक्स! व्हॉट डिड शी से?"

नितीनने टाय सैल केला.

"थँक यू म्हणतेय, मॅडम."